चौसष्ट द्या, पासष्ट घ्या

इंदूरच्या सराफ्यात दिवसा चांदी विकतात आणि रात्री त्याच बंद दुकानांसमोर भुट्ट्याचा कीस. डॉक्टरांनी नाण्यांच्या सौद्यासाठी रात्रीची वेळ दिली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या मसाल्याने माखलेल्या बोटांचा माणूस तुमच्या नाण्याकडे हात पुढे करून "बघू" म्हणतो, तेव्हा पोटात कसा गोळा येतो ते आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या जातीलाच ठाऊक.

नाणं म्हणजे अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर. वजन 26.73 ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. 1878 ते 1904 आणि मग एकदम 1921, वर्षाला एक धरलं तर अठ्ठावीस. माझ्या पेटीत तेव्हा सत्तावीस होते. 1895 सालची प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली नाणीच काय ती माहीत आहेत, तीही पाडली फक्त 880, आणि त्यातलं एक घ्यायचं तर राहतं घर विकावं लागेल. त्या रिकाम्या खोबणीत आईने सुपारी ठेवली आहे. जागा रिकामी ठेवू नये म्हणे.

बाकीची सगळी प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये. वर चिठ्ठीवर ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगलं राहिलंय त्याचा आकडा. मोजपट्टी 1 ते 70. साठपासून पुढचं नाणं म्हणजे बाजारात न फिरलेलं. माझा सॅन फ्रान्सिस्कोचा 1881 चौसष्ट होता, डॉक्टरांकडे त्याच सालाचा, त्याच टांकसाळीचा पासष्ट. फरक काय? नाण्यावरच्या बाईचा गाल. ही नाणी हजार-हजारांच्या पिशव्यांतून तिजोऱ्यांत पडून राहिली आणि एकमेकांवर आपटून त्यांच्या गालांवर ओरखडे उठले. माझ्या बाईच्या डोळ्याखाली एक तिरका ओरखडा होता, भिंगाखाली केसाएवढा. मला तो भिंगाशिवाय, झोपेतही दिसायचा. बायकोने दोन्ही डब्या दिव्याखाली धरल्या आणि विचारलं, "यातली आपली कुठली?"

"चौसष्ट द्या, पासष्ट घ्या," डॉक्टर म्हणाले. "पण वरून काय?"

मी पैसे काढायला लागलो. पैसे काढणं आमच्यात जरा असभ्यच. डॉक्टरांना हवा होता 1918 सालचा पंचम जॉर्जचा रुपया, न वापरलेला. कीस खाता खाता त्यांनी कारणही सांगितलं. पहिल्या महायुद्धात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले, सरकारकडे चांदी पुरेना. मग अमेरिकेने 1918 मध्ये कायदा करून सत्तावीस कोटी डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांनी इथे रुपये पाडायला आणली. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये. वितळवलेले डॉलर पुन्हा पाडायचे असंही त्याच कायद्यात होतं, म्हणून 1904 नंतर थेट 1921. "बहिणी-बहिणी शेजारी ठेवायच्यात. तुमच्या आईंकडे असेलच."

होताच. आजीने दिलेला, देवघरातल्या डबीत, रेशमी चिंधीत गुंडाळलेला. दर लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो आणि परत डबीत जातो.

आईला मी डॉलर दाखवला. "ही कोण बाई?"

"फिलाडेल्फियातली एक शिक्षिका. तिला समोर बसवून चेहरा काढला होता."

आई तीस वर्षं शाळेत होती. तिने चष्मा लावून निरखलं. "नाक मास्तरणीचंच आहे. पण कुंकू कुठे लावायचं? वर प्लास्टिक." मग एकदम मुद्द्यावर आली. "रुपया नेतोस तर ने. वरून काय?"

मी गारच झालो. शेवटी वीस ग्रॅमच्या लक्ष्मीच्या नाण्यावर सौदा ठरला, नवंकोरं, सराफ्यातलं, बिलासकट. तिने दिला किती? साडेअकरा ग्रॅमचा रुपया.

दुसऱ्या रात्री डॉक्टरांनी चिंधी सोडली. रुपया आरशासारखा लखलखत होता. मी खूश. डॉक्टरांनी तो तिरका करून दिव्याखाली फिरवला, मग नाकाशी नेला.

"दंतमंजन," ते म्हणाले.

दर लक्ष्मीपूजनाआधी, न चुकता. घासलेल्या नाण्याला आमच्यात आकडा मिळत नाही. डॉक्टरांनी रुपया परत चिंधीत गुंडाळून दिला, आणि 'वरून' म्हणून माझा 1921 खिशात घातला. मीही घालू दिला.

पासष्ट आता पेटीत आहे. गाल खरंच सुरेख. आईने रुपयाही परत घेतला आणि लक्ष्मीही ठेवून घेतली. 1921 च्या खोबणीत दुसरी सुपारी आहे.