सगळंच बॉर्डरवर

आपण बेळगावकडचे. जन्मच बॉर्डरवरचा, त्यामुळं डॉक्टर "शुगर बॉर्डरवर आहे" म्हणाले की घरी आल्यासारखं वाटतं. १९५६ पासून आपण बॉर्डरवर बसलोय, आता शुगरलाही बसू दे. बीपी आलं तर जरा सरकून त्यालाही जागा करून द्या.

किडनीच्या बाबतीत हेच धोरण ठेवायचं. किडनीचं दुखणं म्हणजे मूतखडा, एवढं पक्कं धरून चालायचं. खडा असला की माणूस गडाबडा लोळतो. आपण लोळत नाही, म्हणजे किडनी ठणठणीत. निम्मी कामातनं गेली तरी ती बिचारी हूं की चूं करत नाही, हे कुणाला सांगत बसू नका. कंबर धरलीच तर हुलग्याचं माडगं आहे की.

सकाळी सैल असलेली अथणीची चप्पल संध्याकाळी पायात शिरेना झाली, तर शिव्या चप्पल करणाऱ्याला घालायच्या. नडगीवर अंगठा दाबून बघायचा मोह होईल. दाबू नका. कुंद्यात बोट रुतावं तसा खड्डा पडतो आणि तो लवकर भरूनही येत नाही. उगीच जिवाला घोर. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर खानापूरचा तांदूळ अंगी लागला म्हणावं. लघवीला फेस येतो तो काल संडासात टाकलेल्या पावडरीचा. रोज येत असेल आणि पाणी ओतलं तरी जात नसेल, तर पावडर चांगल्या कंपनीची आहे. फेस प्रथिनांचाही असतो म्हणे, खरं आपण एवढं मटण खातो, थोडं वाहून गेलं तर काय बिघडलं? रात्री तीनदा उठावं लागतं ते बरंच, नळाला पाणी आलंय का तेही बघून होतं. अंगाची खाज डासांची, दम जिन्याचा, थकवा वयाचा. सगळ्याला मालक सापडतो.

वडगाव-खासबागला मागावर बसणाऱ्यांना तर सोय दारातच आहे. मेडिकलात जाऊन "कंबरेची द्या" एवढंच म्हणायचं. चिठ्ठी कोण मागतो? वर्षानुवर्षं रोज एक दुखणं थांबवायची गोळी, वर बीपी आणि शुगर: किडनीला याहून मनोभावे कुणी पोखरलं नसेल.

टेस्ट तेवढी टाळा. एक रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा; एक लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे ते फेसातलं प्रथिन. शुगर-बीपीवाल्यांनी किंवा घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी त्या दरवर्षी कराव्यात, असं डॉक्टर लोक म्हणतात. त्यांचं काय जातंय? सकाळची पहिली लघवी बाटलीत धरून लॅबकडं निघालं की वाटेत सोयरा भेटणारच, आणि तो "काय आणलंय?" असं विचारणारच.

आमच्या आत्यानं एकदा टेस्ट केली होती. सात वर्षं झाली. वय पासष्ट, शुगर जुनी, क्रिएटिनिन १.३. "बॉर्डरवरच की," म्हणून तिनं कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घातला. पंचविशीच्या पोराचं क्रिएटिनिन १.३ आलं तर किडनीचा रक्त गाळायचा वेग, म्हणजे ई-जीएफआर, ७८ च्या आसपास निघतो. पासष्टीच्या बाईचा त्याच १.३ ला ४५ च्या आसपास. साठाच्या खालचा आकडा तीन महिने टिकला की आजार धरतात. हे त्या कागदावर खाली बारीक अक्षरात छापलेलंही असतं. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षराची उंची आपण टेप लावून मोजतो, हे मात्र चष्मा लावूनही वाचत नाही.

लघवी एकदम कमी झाली, तिच्यात रक्त दिसलं, आडवं पडल्यावर दम लागला, तरी लगेच पळू नका. आधी मिरज बरं का कोल्हापूर, यावर घरात बैठक होऊ द्या. जावयालाही बोलवा.

तारखांची तर आपल्याला सवयच आहे. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. डायलिसिसचं तेवढं वेगळं, तिथं तारीख पुढं मिळत नाही. आत्याला आठवड्याला तीन दिवस जावं लागतं, दर वेळी चार तास. परवा मी सोबत गेलो होतो. हाताला नळ्या लावलेल्या, ती पडल्या पडल्या मशीनकडं बघून म्हणाली, "सगळं इंग्रजीतच लिवलंय रे. भांडायचं तरी कुणाशी?"