घटसर्प म्हशीला होतो, पोरांना नाही म्हणे!

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्रुपवर पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच दिवशी तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: घटसर्प हा जनावरांचा रोग, माणसांतला कधीच संपला. जी मुलं आजारी पडतात त्यातल्या निम्म्यांना लस झालेलीच असते. दवाखान्यात घोड्याच्या रक्ताचं इंजेक्शन देतात आणि मूल दगावतं. धडधाकट माणसांनाही गोळ्या चारतात. तेव्हा आरोग्य खात्याचं पथक आलं तर दार उघडू नका, हळद-मिठाच्या गुळण्या पुरतात. सिस्टर म्हणून लसीचा डबा खांद्याला लावून याच गल्ल्यांतून माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

जनावरांचा रोग हे वाचून आधी हसू आलं. मग लक्षात आलं, घोळ नावाचा आहे. मोहोळ-मंगळवेढ्याकडे घटसर्प म्हटलं की म्हैसच डोळ्यांपुढे येते. गळा सुजतो, घरघर लागते आणि एका दिवसात जनावर आडवं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यात लस टोचतात ती त्याचीच. माणसांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. गळा दोन्हींत सुजतो म्हणून नाव एक पडलं, जंतू मात्र निराळे. हा म्हशीकडून येत नाही, माणसाच्या खोकल्या-शिंकेतून माणसाला लागतो. (म्हशीची लस चुकवणारा शेतकरी मी फारसा पाहिला नाही. पोराचं कार्ड मात्र अर्धं कोरं असतं.)

आणि संपला म्हणाल, तर तो लसीने दाबून धरलाय. सोव्हिएत संघ फुटला, तिकडचं लसीकरण ढिलं पडलं आणि 1990 च्या दशकात दीड लाखाहून जास्त लोकांना घटसर्प झाला. सुमारे 5,000 माणसं गेली.

आता 'निम्म्यांना लस झालेली होती'. हे वाक्य फसवं आहे, कारण ते खरंही असू शकतं. समजा एका वस्तीत 100 मुलं आहेत. 90 जणांना लस झालीय, 10 जणांना नाही. आजारी पडली आठ, चार इकडची, चार तिकडची. झाले की निम्मे! पण लस न घेतलेल्या दहांतली चार पडली आणि घेतलेल्या नव्वदांतली चार. कुठल्या गटात आपलं पोर असावं, ते आता सांगा. त्यात 'लस झाली' म्हणजे किती झाली, हे कुणी विचारत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटचे (घटसर्पासह पाच रोगांवरची एकच लस) तीन डोस, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पहिला बूस्टर, पाच-सहा वर्षांना दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. लसीचा जोर काळाने उतरतो, म्हणून एवढे हेलपाटे. आमच्याकडे तीन खुणा झाल्या की आई म्हणते, "सगळं झालंय की ओ सिस्टर."

घोड्याचं इंजेक्शन. हो, घोड्याच्याच रक्तातल्या पाण्यापासून करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. या उपचाराच्या शोधासाठीच जर्मन डॉक्टर बेहरिंगना 1901 मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. काहींना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येते, हेही खरं. म्हणून आधी चाचणी घेतात, अ‍ॅड्रिनॅलिन हे त्यावर उतारा देणारं औषध हाताशी ठेवतात आणि ते रुग्णालयातच देतात. पण मूल दगावतं ते बहुतेक वेळा कशाने? घटसर्पाचा जंतू घशात बसून विष सोडतो. ते विष रक्तातून हृदयाला आणि नसांना जाऊन धरतं. रक्तात मोकळं फिरणारं विष हे इंजेक्शन निकामी करतं. एकदा हृदयाला चिकटलेलं सोडवता येत नाही. म्हणून तर नुसता संशय आला तरी डॉक्टर घशाच्या तपासणीचा रिपोर्ट यायची वाट बघत नाहीत. उशिरा नेलेल्या मुलाचा घसा आठवडाभरात मोकळा होतो, ते खायला मागतं, घरचे निश्वास टाकतात, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय दगा देतं. बघणाऱ्याला दिसतं एवढंच, की इंजेक्शन दिलं आणि पोर गेलं. त्याआधी घरी काढलेले चार दिवस कुणी मोजत नाही.

धडधाकटांना गोळ्या का? तर जंतू घशात घेऊन फिरणारा माणूस ठणठणीत असू शकतो. लस झालेलासुद्धा. लस विषाला अडवते, जंतूला घशात बसण्यापासून रोखतेच असं नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांच्या घशाचा स्वॅब घेतात, एरिथ्रोमायसिन हे जंतू मारणारं औषध सात ते दहा दिवस देतात आणि आठवडाभर लक्ष ठेवतात. गोळ्यांनी पोटात ढवळतं, लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. ढवळलं तर सांगा, पण सोडू नका.

गुळण्या साध्या घशाला कराव्यात, मीही करते. मात्र घशात राखाडी-पांढरा पडदा दिसला, मान सुजली, पाणी पिताना नाकातून यायला लागलं, तर घरी थांबू नका. तो पडदा बोटाने खरवडू नका, रक्त येतं.

राहिलं दार. हा मेसेज आला की दुसरीकडून लगेच उत्तर येतं, 'हे लोक अडाणीच.' तेही मला पटत नाही. मागच्या गुरुवारी गल्लीतल्या एका अक्कांकडे गेले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली पानं ओल्या फडक्यात. बोलताना हात थांबत नव्हते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. लसीला अर्धा दिवस गेला, रात्री पोराला ताप आला आणि दुसरा दिवसही बुडाला, तर त्या आठवड्याचं गणित कोलमडतं. त्यांना लस नकोय असं नव्हतं. त्यांना तापाची रात्र नको होती.

रेशनकार्डाच्या पिशवीतून त्यांनी पोराचं कार्ड काढलं. पोरगा पावणेसहा वर्षांचा. तीन खुणा, एक बूस्टर, पुढचा रकाना मोकळा. मी म्हटलं, ताप एक-दोन दिवसांचा असतो, पॅरासिटामॉल तिथेच देतात, वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लिहून देते. त्यांनी माल द्यायचा दिवस सोडून सोमवार ठरवला.

"रात्री ताप चढला तर फोन केला तर चालेल का हो?"

कार्डाच्या मागे नंबर लिहून दिला.