ड्रॅमॅटिक सोप्रानो म्हणजे आरडाओरडा नव्हे

“ड्रॅमॅटिक सोप्रानो म्हणजे धिप्पाड बाईने शंभर वाद्यांच्या वरताण ओरडायचं. गाणं कमी, घशाची ताकद जास्त. म्हणून तो आवाज लवकर फाटतो.” ऑपेराचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं, लोक हौसेने पुढे पाठवतात. सोप्रानो म्हणजे बायकांचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज, आणि ड्रॅमॅटिक सोप्रानो हा त्यातला भारदस्त प्रकार. ज्या गाण्यासाठी उमेदीची पंधरा-वीस वर्षं घालावी लागतात, त्याची अशी बोळवण मला पाहवत नाही.

आधी वरताण ओरडण्याचं घेऊ. पूर्ण भरात असलेल्या ऑर्केस्ट्रापेक्षा मोठ्याने कुणीच गाऊ शकत नाही, आणि तशी गरजही नसते. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्याच्या वर तो उतरत जातो. तार षड्जाच्याही वर चढलेली सोप्रानो या गर्दीच्या वरच असते. तिथे ती जबडा उघडत नेते आणि तोंडाच्या पोकळीचा अनुनाद गायच्या स्वराशी जुळवते. घशावर ताण न देता आवाज वाढतो. त्याची किंमतही मोजावी लागते: ‘आ’ आणि ‘ई’ जवळपास सारखेच ऐकू येतात, शब्द हरवतात. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात हे सगळं मोजून मांडलं.

म्हणूनच खरी परीक्षा वरच्या स्वरांची नाहीच. टिपेचा स्वर हलक्या आवाजाच्या गायिकेचाही थेटरभर पोचतो. ड्रॅमॅटिक सोप्रानो ओळखायची मधल्या पट्टीत, जिथे ऑर्केस्ट्रा सर्वांत दाट असतो. जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरात पहिल्या अंकात नायिका इझोल्ड आपली अपमानाची कहाणी सांगते, ती बरीचशी याच पट्टीत. तिथे आवाजाला भरीवपणा आणि धार दोन्ही हवं. नुसता जोर लावला तर स्वर थरथरतो आणि शब्द गिळले जातात. आणि चार-पाच तासांच्या या ऑपेराचा शेवट? इझोल्डचा शेवटचा उंच स्वर अगदी हळुवार लावायचा असतो. ओरडून दमलेल्या गळ्याला तो लागणारच नाही.

धिप्पाडपणाबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेराने अमेरिकन सोप्रानो डेबोरा वोइट यांना वजनावरून एका भूमिकेतून वगळलं, त्यावर बराच गदारोळ झाला. पुढे शस्त्रक्रियेने त्यांचं वजन खूप उतरलं, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये त्यांनी ब्रुनहिल्ड ही वॅग्नरची ड्रॅमॅटिक सोप्रानोची भूमिका गायली. आवाज चरबीत नसतो.

राहिलं ‘लवकर फाटतो’. घाई केली तर कुठलाही आवाज फाटतो, आणि हा प्रकार तर पिकतोच उशिरा. नॉर्वेच्या कीर्स्टन फ्लागस्टाट १९१३ मध्ये रंगभूमीवर आल्या. पुढची कितीतरी वर्षं त्या ऑपेरेटा (हलकेफुलके ऑपेरा) आणि हलक्या भूमिका गात होत्या. इझोल्ड गायल्या त्या थेट १९३२ मध्ये. मेट्रोपॉलिटनने त्यांना १९३५ मध्ये ऐकलं, तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. स्वीडनच्या बिर्गिट नील्सन तिथे १९५९ मध्ये इझोल्ड म्हणून आल्या, वय ४१. त्याच महिन्यात एका रात्री तिथले ट्रिस्टानची भूमिका गाणारे तिन्ही गायक आजारी होते. प्रत्येकाने कसाबसा एकेक अंक निभावला. नील्सन तिन्ही अंक गायल्या. ताकद म्हणायचं तर ती ही, आणि ती दमसासाची आहे, घशाची नव्हे.

या गैरसमजाला रेकॉर्डिंगही हातभार लावतात, असं माझं ठाम मत आहे. माइक जवळ असला की कुणाचाही आवाज ऑर्केस्ट्राच्या पुढे आणून ठेवता येतो, आणि भरलेल्या थेटरात आवाज कसा पोचतो ते मात्र त्यात कळत नाही. मुंबईत जन्मलेल्या संगीत-संचालक झुबिन मेहतांनी १९७२ मध्ये ‘तुरांदोत’ हा ऑपेरा ध्वनिमुद्रित केला, तेव्हा तुरांदोतच्या ड्रॅमॅटिक सोप्रानोच्या मुख्य भूमिकेत जोन सदरलँड होत्या. त्या मुळात चपळ तानांच्या गायिका. रेकॉर्ड अप्रतिम उतरली, आजही ऐकली जाते. पण रंगमंचावर सदरलँडनी तुरांदोत कधीच गायली नाही.