मिनिटाला एक घर

जानेवारी २०२६ मध्ये सोलापूर महापालिकेचं मतदान झालं, १५ तारखेला, म्हणजे ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या) दिवसात, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर संक्रांतीच्या तिळगुळाच्या फोटोंमध्ये एक वाद घुसला तो अजून संपलेला नाही. झालं असं की जाहीर प्रचार थांबल्यावरही उमेदवारांना घरोघरी जाऊन भेटायला मुभा मिळाली आणि विरोधक लगेच बोलले की ही मुभा भेटायला आहे का पाकिटं वाटायला. माझा मावसभाऊ म्हणाला, "होम टू होम म्हणजे सगळी नाटकं आहेत बे, मत फिरतं ते एकतर मोबाईलवर नाहीतर आदल्या रात्री." मामा म्हणाले असं कसं, दारात आलेल्या माणसाची किंमत असतेच. मग दोघांनी मला ओढलं, "तू तिकडं लंडनला असतोस, तुमच्यात काय करतात सांग." मी लंडनला नाही रेडिंगला असतो हे दहा वर्षं सांगतोय, पण असो.

तर सांगतो. इथे पहिली तीन वर्षं माझं दार कुणीच वाजवलं नाही. मला वाटायचं गोरे लोक आपल्याला टाळतात, पण कारण साधं होतं, मतदार यादीत माझं नावच नव्हतं. भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. कॉमनवेल्थमधल्या देशांच्या नागरिकांना, इथे राहायचा रीतसर परवाना असेल तर, कौन्सिलपासून (म्हणजे इथली नगरपालिका) पार्लमेंटपर्यंत सगळीकडे मत आहे (आणि सोलापुरात मत द्यायचं तर मला विमानाने येऊन बूथवर उभं राहावं लागतं, ही गंमत वेगळीच). नाव घातलं आणि पुढच्याच एप्रिलमध्ये बेल वाजली. इथे न सांगता कुणी येत नाही त्यामुळे मी आधी घाबरलोच. बाहेर एक साठीच्या पुढच्या बाई, पावसात भिजलेल्या, एकट्या, हातात मोबाईल, त्यात आमच्या गल्लीची यादी. हार नाही, घोषणा नाही, मागे पोरं नाहीत. नाव विचारलं, रस्त्याबद्दल काही तक्रार आहे का विचारलं, आणि मग सरळ, "तुम्ही कुणाला मत द्यायचं ठरवलंय?"

मला घामच फुटला. आपल्याकडे असं कुणी तोंडावर विचारतं का? मी काहीतरी पुटपुटलो, त्यांनी काहीतरी टाईप केलं आणि गेल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने दुसऱ्या पक्षाचं नाव घेतलं तर त्याच्याशी एक शब्द वाद नाही, थँक यू म्हणून पुढच्या दारात. मला तर राग आला, अरे निदान मनवा तरी त्याला!

नंतर कळलं की त्या मनवायला आल्याच नव्हत्या, यादी करायला आल्या होत्या. आपला कोण, परका कोण, कुंपणावर कोण. मग मतदानाच्या दिवशी फक्त आपल्या माणसांची दारं वाजवायची, झालं का मतदान, नाही झालं तर चला. २०२४ च्या ४ जुलैला पार्लमेंटचं मतदान होतं, सकाळी सात ते रात्री दहा, आणि संध्याकाळी साडेसातला त्याच बाई परत दारात, "राहिलंय का अजून?" म्हणजे प्रचार थांबल्यावर दारात जायचं की नाही यावर आपल्याकडे एवढा गदारोळ, आणि इथे सगळ्यात महत्त्वाची टकटक चक्क मतदानाच्या दिवशीच. केंद्राबाहेर पक्षांची माणसं खुर्ची टाकून बसतात आणि आपला यादीतला नंबर विचारतात, सांगायची सक्ती नाही, पण त्यावरून पक्षाची यादी घेऊन घरी बसलेल्याला कळतं की कोण अजून सोफ्यावर पडलाय.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही, यावर लोकांनी अभ्यास केलेत. १९९८ ला अमेरिकेत न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन या दोघांनी सुमारे ३० हजार मतदार घेऊन प्रयोग केला, कुणाच्या दारात माणूस पाठवला, कुणाला पत्र, कुणाला फोन. दारात माणूस गेला तिथे मतदान चांगलंच वाढलं, फोनने काहीच नाही. पण मत द्यायला बाहेर काढणं वेगळं आणि मत फिरवणं वेगळं, तिथे मावसभाऊ बराचसा बरोबर निघतो, कारण पुढे काला आणि ब्रूकमन या दोघांनी अमेरिकेतले असे ४९ प्रयोग एकत्र तपासले तर मुख्य निवडणुकीत मन वळवण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. मामांच्या बाजूनेही एक आहे म्हणा. फ्रान्समध्ये २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ओलांद यांच्या लोकांनी ५० लाखांच्या आसपास दारं वाजवली आणि तिथे उलटंच सापडलं, मतदान वाढलं नाही पण ओलांदची मतं वाढली. म्हणजे देशाप्रमाणे बदलतं, आणि म्हणूनच मला सोलापूरचं वेगळं बघायचंय, तिकडचा आकडा इकडे चिकटवून उपयोग नाही.

सोलापुरात काय होतं ते आईने फोनवर सांगितलं. आमचं घर पाच्छा पेठेत, आजूबाजूला निम्मी घरं तेलुगू. आधी हलगीचा आवाज, मग चाळीस-पन्नास माणसं, मधे पॅनलचे चार उमेदवार हात जोडून, कुणीतरी ओवाळतंय, कुणीतरी मोबाईलवर लाईव्ह करतंय, "मावशी लक्ष असू द्या", आणि गेले पुढे. आई म्हणाली, "मी नळाचं विचारणार होते रे, तोंड उघडेपर्यंत ते कोपऱ्यावर." आणि त्यातून त्या दिवशी पाणी आलेलं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या तासाभरात सोलापूरची बाई दारात देव आला तरी हंडा सोडून येणार नाही, हे उमेदवाराला कळत नसेल तर त्याने वॉर्डात फिरूच नये.

पण जरा गणित करून बघा. २०११ च्या जनगणनेत शहर ९ लाख ५१ हजारांचं, नगरसेवक १०२, प्रभाग २६, म्हणजे एका प्रभागात सरासरी ३६-३७ हजार माणसं. घरात पाच धरली तर सात हजारांच्या वर घरं. चिन्ह मिळाल्यापासून हातात दहा-बारा दिवस. रोज दहा तास फिरलं तरी एका घराला धड एक मिनिट येत नाही, त्यात जिने चढायचे, त्यात हार घालून घ्यायचे. हे घरोघरी कुठलं, ही मिरवणूक आहे. रेडिंगमध्ये एका वॉर्डात दहा-अकरा हजार लोक आणि चार वर्षांतली तीन वर्षं मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक, तीनपैकी एक सीट. त्यामुळे त्या बाई जवळजवळ दरवर्षी येतात आणि त्यांना मागच्या वर्षीचा माझा कचऱ्याच्या डब्याचा राग आठवतो, म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या मोबाईलला. आपल्याकडे चार-चारचा पॅनल आणि २०१७ नंतर निवडणूक थेट २०२६ ला, मधे चार वर्षं नगरसेवकच नाहीत, प्रशासक. नऊ वर्षांनी एकदा दारात आलेल्या माणसाला काय विचारणार आणि तो काय लक्षात ठेवणार?

दुसरी अडचण आपलीच. सोलापूरचा माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. चारही पक्षांना आई म्हणाली, "तुम्हालाच की." बटण कुठलं दाबलं ते तिने मलाही सांगितलं नाही. म्हणून यादीत खुणा करत फिरणारे कार्यकर्ते आपल्याकडे हमखास फसतात, सगळी गल्ली आपलीच दिसते आणि मोजणीला डोक्याला हात.

तरी मी मावसभावासारखं नाटक म्हणणार नाही. लहानपणी आमच्या गल्लीत युनियनच्या एक बाई यायच्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्यात जाऊन बसायच्या, सुपातली पानं कापता कापता तेलुगूत बोलायच्या, आमच्याकडे आल्या की मराठीत, पुढच्या गल्लीत उर्दूत. कुणाचं पीएफ अडकलंय, कुणाच्या विड्या कारखान्याच्या ब्रँचवाल्याने छाट (खराब) म्हणून काढून परत दिल्या, सगळं तोंडपाठ. निवडणूक असो नसो यायच्या. त्यांना मोबाईल लागला नाही. निवडणुकीत त्या फक्त एवढंच म्हणायच्या, उद्या जेवण लवकर उरका, बरोबर जाऊ. आणि अख्खी गल्ली जायची. न्यू हेवनमध्ये जे शोधून काढलं ते हेच तर आहे.

आणि इथल्या पद्धतीचं फार कौतुकही नको. यादीत नाव नाही तर दार नाही, तीन वर्षं मी त्यांच्यासाठी नव्हतोच. मागच्या रस्त्यावर भाड्याने राहणारी पोरं आहेत, दर वर्षी घर बदलतात, त्यांच्याकडे कुणी जात नाही, वेळ वाया. सोलापूरची मिरवणूक निदान प्रत्येक दारावरून जाते, झोपडपट्टीत तर आधी जाते. हेतू काय असतो ते आपण सगळे जाणतो, पण जाते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर मावसभावाने अंगठा दिला, मामांनी वाचलंच नाही बहुतेक. आईने फोन केला. तिला एकच विचारायचं होतं, त्या भिजलेल्या बाईंना मी आत घेऊन चहा दिला का. म्हटलं आई, इथे दारातच बोलतात, आत कुणी घेत नाही. "पावसातली बाई दारातूनच पाठवलीस?" म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.