डुक्कर, चक्रीफूल आणि लस : स्वाइन फ्लूविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

स्वाइन फ्लूचे रुग्ण आढळल्याची बातमी आली की एक ठरावीक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा : हा आजार डुकरांपासून होतो, म्हणून डुकराचे मांस वर्ज्य केले की धोका टळतो, चक्रीफूल आणि फ्लूवरचे टॅमिफ्लू हे औषध मुळात एकच असल्याने चक्रीफुलाचा काढा पुरेसा आहे, लस १९७६ मध्येच घातक ठरली आहे, २००९ ची साथ हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा होता, आणि तसेही हा आजार वृद्धांनाच गाठतो, धडधाकट माणसाने चिंता करू नये. हा संदेश निव्वळ थापांचा असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. अडचण अशी की त्यातील बहुतेक विधानांच्या मुळाशी काहीतरी खरे आहे, आणि म्हणूनच विचारी माणसेही तो पुढे पाठवतात.

डुकरांपासून सुरुवात करू. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत ओळखल्या गेलेल्या एच१एन१ या स्वाइन फ्लूच्या विषाणूची जनुके डुकरांमध्ये फिरणाऱ्या इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लूच्या, विषाणूंमधून आली होती, हे खरे आहे. उत्तर अमेरिकेतील आणि युरोप-आशियातील डुकरांमधल्या दोन निरनिराळ्या वंशांचे धागे त्यात एकत्र आले होते, आणि त्यांतील काही जनुके त्याही आधी पक्ष्यांच्या व माणसांच्या विषाणूंकडून आली होती. परंतु एकदा माणसांत स्थिरावल्यावर हा विषाणू माणसाकडूनच माणसाला होऊ लागला : खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांमधून, जवळून बोलण्यातून, आणि दूषित हात नाका-डोळ्यांना लागल्याने. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, कारण ७० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तो तग धरत नाही. आजारी जनावरांच्या सतत जवळ वावरणाऱ्यांनी काळजी घ्यावी हे योग्यच, पण तो प्रश्न ताटातल्या मांसाचा नाही. इजिप्तने एप्रिल २००९ च्या अखेरीस, देशात एकही रुग्ण आढळलेला नसताना, सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. जूनमध्ये तेथे पहिला रुग्ण सापडला, तो विमानाने आलेला प्रवासी होता. मधल्या काळात घडले ते एवढेच की कैरोतील ओला कचरा खाणारी डुकरे उरली नाहीत आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. त्याच सुमारास कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात डुकरांच्या एका कळपात हा विषाणू आढळला, तेव्हा तो माणसाकडून डुकरांना झाला असावा असा संशय होता. पुढे इतर देशांतही माणसांकडून डुकरांना लागण झाल्याचे दिसून आले.

चक्रीफुलाचे विधान सर्वांत चलाखीचे आहे, कारण त्याचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे बरोबर आहे. टॅमिफ्लू या नावाने विकले जाणारे ऑसेल्टामिविर हे औषध तयार करण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल बराच काळ प्रामुख्याने चक्रीफुलातून काढले जात असे. मात्र या आम्लावर एकामागून एक अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच औषध तयार होते. ते औषध विषाणूच्या पृष्ठभागावरील न्यूरामिनिडेज या प्रथिनाला अडवते, त्यामुळे नवे विषाणू पेशीतून सुटून पुढे पसरू शकत नाहीत. शिकिमिक आम्लाच्या अंगी हा गुण नाही. चक्रीफुलाच्या काढ्याला टॅमिफ्लू म्हणणे हे कापसाच्या बोंडाला सदरा म्हणण्यासारखे आहे. त्यातही एक जोखीम आहे : याच कुळातील जपानी चक्रीफूल विषारी असते आणि वाळल्यावर दोन्ही फुले नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखणे कठीण जाते. असा काढा घेतलेल्या लहान मुलांसह काही जणांना झटके आल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये चक्रीफुलाचा चहा न पिण्याचा इशारा दिला होता.

या संदेशाच्या काही आवृत्त्यांत कापूर हुंगण्याचा सल्लाही असतो. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, विषाणूला काही होत नाही. आणि लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात.

काहींनी याच्या उलट टोक गाठून टॅमिफ्लूच घरात साठवून ठेवण्याचा सल्ला दिला आहे. हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, परंतु ते कोणाला, किती मात्रेत आणि किती दिवस द्यायचे, हे वय, वजन आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. प्रतिजैविके मात्र विषाणूवर चालतच नाहीत. फ्लूच्या पाठोपाठ जीवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तरच त्यांचे काम असते.

लसीविषयी संदेश जे सांगतो ते खरे आहे, पण अपुरे आहे. १९७६ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांमधील विषाणूशी साधर्म्य असलेला फ्लू आढळला, एका सैनिकाचा मृत्यू झाला, आणि १९१८ च्या फ्लूच्या भीषण महासाथीची पुनरावृत्ती होईल या धास्तीने अमेरिकेत ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही. लस घेतलेल्यांमध्ये मात्र दर लाखामागे साधारण एक या प्रमाणात गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे जादा रुग्ण आढळले आणि मोहीम थांबवण्यात आली. २००९ च्या लसींबाबत हाच धोका दर १० लाखांमागे १ ते २ इतका आढळला. शिवाय हा विकार खुद्द फ्लूच्या संसर्गानंतरही होऊ शकतो. लसविरोधकांना अधिक बळकट मुद्दा हवा असता, तर तो २०१० चा आहे : २००९ च्या साथीसाठी बनवलेल्या पँडेमरिक्स या लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे अनावर झोपेचा विकार, जडल्याचे आढळले. ही गोष्ट लपवू नये. ती लस आता वापरात नाही. आजच्या हंगामी फ्लूच्या लसीतच एच१एन१ चा घटक असतो आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. तिचे संरक्षण पूर्ण नसते : विषाणूशी चांगली जुळणारी असेल त्या वर्षी फ्लूमुळे डॉक्टरकडे जावे लागण्याची शक्यता ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते.

बागुलबुवाच्या आरोपाला अधिक गांभीर्याने उत्तर द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली आणि ती संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी सांगितले. संघटनेला सल्ला देणाऱ्या काही तज्ज्ञांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, आणि महासाथीबाबत तिला सल्ला देणाऱ्या आणीबाणी समितीच्या सदस्यांची नावे तेव्हा गुप्त ठेवली होती. यावर २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेनेही कठोर टीका केली, ती माझ्या मते रास्त होती. नंतरच्या स्वतंत्र समीक्षेने पारदर्शकतेतील या उणिवांवर बोट ठेवले, मात्र निर्णय व्यापारी दबावाखाली झाल्याचा पुरावा तिला आढळला नाही. तज्ज्ञांनी हितसंबंध उघड केले नाहीत, एवढ्यावरून रुग्णांची फुप्फुसे निरोगी होती असे सिद्ध होत नाही. संदेशात मृतांचा आकडा १८,५०० च्या आसपास दिलेला असतो आणि साथ किरकोळ असल्याचा तोच पुरावा मानला जातो. वस्तुतः ही केवळ प्रयोगशाळेत खात्री झालेल्या मृत्यूंची संख्या आहे. बहुसंख्य रुग्णांची तपासणी झालीच नव्हती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार पहिल्या वर्षात जगभरात सुमारे दीड लाख ते पावणेसहा लाख माणसे दगावली.

त्याच अंदाजानुसार मृतांपैकी सुमारे ८० टक्के लोक ६५ वर्षांखालील होते, त्यामुळे वृद्धांनाच धोका असतो हे शेवटचे विधानही टिकत नाही. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांपैकी अनेकांचा या विषाणूच्या दूरच्या नातलगांशी लहानपणीच सामना झाला होता, म्हणून त्यांना लागण कमी झाली. मात्र लागण झालीच तर त्यांनाही धोका मोठा होता. गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले आणि अतिस्थूल व्यक्ती यांना आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते. त्यांनी ताप-खोकला सुरू होताच, चाचणीच्या निकालाची वाट न पाहता, डॉक्टरांकडे जावे. इतर बहुतेक जण घरीच विश्रांती घेऊन आठवडाभरात बरे होतात. मात्र दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, मुलाने पाणी-दूध नाकारणे किंवा ताप उतरून पुन्हा जोराने चढणे यांपैकी काहीही दिसल्यास, वय आणि प्रकृती कशीही असो, रुग्णालयात जाण्यास उशीर करू नये.