ताई, ते पाणी दोन वाटांनी आलं

ताई, तुम्ही लिहिलंत, "तुमच्या कृतीने खिमा-अंड्याचं कॅसरोल केलं. तळाशी वाटीभर पाणी, कडा चिवट, मधे कच्चं. आठ अंडी फुकट गेली. त्यापेक्षा अंड्याचा पोळा बरा. असले परदेशी प्रकार हवेत कशाला?"

आठ अंडी आणि पाव किलो खिमा वाया गेला, मला खरंच वाईट वाटलं. चूक माझ्या लिहिण्यात आहे. ओव्हनमध्ये ट्रेत भाजायच्या या कॅसरोलच्या कृतीत 'भाज्या परतून घ्या' एवढंच लिहून मी पुढे गेले.

पहिली वाट भाज्यांची. आपल्या नाशिककडच्या गिरणारे-पिंपळगावचा टोमॅटो बाजारात आला की आपला हात सैल सुटतो, आणि टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणीच. त्याच्या बिया नि गर काढून टाका. पालक चिरून मीठ लावा, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. काल मी एक जुडी पिळली तर अर्धी वाटी हिरवं पाणी निघालं. तेच तुमच्या ट्रेमध्ये उतरलं. खिमासुद्धा झाकण न ठेवता, पाणी आटून कडेने तेल सुटेपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. गरम खिम्यावर अंडं ओतलं की तिथल्या तिथे त्याची भुर्जी होते.

दुसरी वाट आचेची. अंडं जास्त तापलं की आवळतं आणि धरलेलं पाणी सोडतं. खरवस फार वेळ वाफवला की त्याला भोकं पडून पाणी सुटतं, तसंच हे. म्हणून कडा चिवट झाल्या. मी '४० मिनिटं' लिहिलं, पण ट्रे खोल असेल तर तेवढ्यात कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. ओटीजी (घरचा छोटा ओव्हन) आधी तापवा, १७० अंशांवर ठेवा, ट्रे मधल्या जाळीवर, मिश्रणाचा थर दोन बोटांहून जाड नको. ट्रे हलवून बघा: मधला भाग खरवसासारखा थरथरला पाहिजे, पातळ डुचमळता कामा नये. मग बाहेर काढून दहा मिनिटं हात लावू नका. उरलेलं तेवढ्यात आत शिजतं.

परदेशी म्हणाल, तर हे मला पटत नाही. खिम्यावर अंडी घालून शिजवणं पारशी घरांत किती जुनं आहे! त्यांच्याकडे 'पर ईडू' म्हणजे कशावर तरी अंडं. आपल्या देवळालीत पारशी पिढ्यान् पिढ्या येत आलेत.

पुन्हा कराल तेव्हा चार अंडी, अर्धा कप दूध आणि लहान ट्रे घ्या. विसाव्या मिनिटापासून बघायला लागा. आणि कसं झालं ते इथेच लिहा, मी वाट बघते. मूळ कृती आज दुरुस्त केली आहे.