सँ-सेर्नँचे छप्पर आणि आमच्या देवळाच्या फरशा

गावच्या महादेवाच्या देवळावरचा ऑइलपेंट खरवडून काढावा की त्यावर आणखी एक हात द्यावा, यावरून आमच्या भावकीत दोन महिने वाद चालू आहे. वादाबद्दल माझी तक्रार नाही, परंतु रंग काढण्याच्या बाजूच्या एका चुलतभावाने परवा लिहिले, "युरोपात हजार वर्षांच्या चर्चचा एक दगड कुणी हलवत नाही, हवे तर तुलूझच्या दादाला विचारा." फ्रान्सातल्या तुलूझला राहणारा तो दादा म्हणजे मी. मला मात्र कुणी विचारले नाही, म्हणून हे लिहितो.

दर रविवारी पाव घेऊन परतताना मी सँ-सेर्नँ या ज्या जुन्या चर्चच्या कडेने जातो, तिथे हलवले नाही असे फारच थोडे उरले आहे. १०९६ साली पोप दुसरे अर्बन यांनी या वास्तूचा अभिषेक केला तेव्हा बांधकाम अपुरेच होते आणि पश्चिमेकडचे मनोरे तर आजही अपुरे आहेत. या भागात चांगला दगड दुर्मीळ, म्हणून ११५ मीटर लांबीची ही वास्तू मुख्यतः विटांची. दगड राखून ठेवला तो खिडक्यांच्या चौकटींसाठी आणि शिल्पांसाठी. (काळ्या पाषाणाच्या प्रदेशातून आलेल्या मला ही सुरुवातीला कंजुसी वाटली होती.) अष्टकोनी घंटामनोऱ्याचे खालचे तीन मजले अर्धगोल कमानींचे आणि वरचे दोन, मागाहून चढवलेले, त्रिकोणी माथ्याच्या कमानींचे आहेत. म्हणजे मत बदलण्याची सवय मध्ययुगापासूनचीच.

१८६० नंतर व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदांनी ती जीर्णोद्धारासाठी हाती घेतली. वास्तू पूर्वी कधी नसेल अशाही परिपूर्ण अवस्थेत नेणे म्हणजे जीर्णोद्धार, अशी या गृहस्थांची धारणा होती. आमच्या देवस्थान समितीने त्यांना हार घातला असता. त्यांनी बाजूच्या दालनांची छपरे खाली घेतली आणि छपराखालची उघड्या झरोक्यांची रांग, जिला इथे 'मिरांद' म्हणतात, ती काढून टाकली. पुढे पाणी झिरपू लागले, त्यांनी वापरलेला दगड झिजला, आणि १९९० च्या दशकात ईव्ह ब्वारे या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली छपरे पुन्हा पूर्वीच्या उंचीवर नेऊन मिरांदही परत बांधले गेले. जीर्णोद्धार उलटवण्याच्या या कामावरून इथेही कडाक्याचे भांडण झाले, कारण एकोणिसाव्या शतकातले काम हासुद्धा इतिहासच नव्हे का, असे विचारणारे होते. आतल्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली रंगरंगोटी त्याआधी, १९७० च्या दशकात, काढली गेली आणि तिच्याखाली मध्ययुगीन भित्तिचित्रे सापडली, हे चुलतभावाच्या बाजूचे आहे. पण ते त्याला ठाऊक नाही आणि मी सांगणार नव्हतो.

फरक आहे तो निराळाच. १८४० पासून ही वास्तू सरकारी संरक्षित यादीत आहे, मालकी शहराची आहे, आणि छपराचे एक कौल बदलायचे तरी कागद पुढे सरकावे लागतात. सभामंडपात हात वर करून इथे काही ठरत नाही. हे मी गावी सुनावतो तेव्हा माझ्या आवाजात जो तोरा येतो, तो मलाही ऐकू येतो. शिवाय मंगळवारी दुपारी त्या भव्य दालनात मी आणि दोन-चार पर्यटक एवढेच असतो, तर आमच्या देवळात त्याच वेळी कुणीतरी तेल घालून गेलेले असते, हे मी सोयीने वगळतो.

आणखी एक गोष्ट वगळत आलो आहे. रंग उतरला की पाठोपाठ सभामंडपातल्या चकचकीत फरशा निघणार, हे उघड आहे. त्या फरशांचे पैसे मी इथल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून पाठवले होते. पायरीजवळच्या एका फरशीवर 'सप्रेम भेट', खाली माझे नाव आणि त्याखाली 'फ्रांन्स' असे अशुद्ध कोरलेले आहे. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि सातबाऱ्यावर नाव चढलेच नाही. गावात ते आता तेवढ्या एका फरशीवर आहे. भावकीच्या ग्रुपवर मत विचारले गेले तेव्हा मी उत्तर दिले नाही.